९६०० पासून गॅरेजपर्यंत : हॅमिल्टनमधल्या एका राउटरची पूर्वपीठिका

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी रविवारचा एक ठरलेला फोन असेल. आमच्याही घरी आहे. हॅमिल्टनला संध्याकाळचे सात, म्हणजे हिवाळ्यात कराडला दुपारचे साडेबारा. आईचा कुकर उतरलेला असतो आणि ती खुर्ची खिडकीकडे वळवून बसलेली असते. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला ऐकू कमी येतं. कानात घालायचं यंत्र आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून बहुतेक वेळा डबीतच असतं. आई माझे ओठ वाचते. समोर बसलेल्या माणसाचं ती सहज ओळखते, पडद्यावरच्या माणसाचंही ओळखते, फक्त पडदा हलता राहिला पाहिजे.

गेल्या वर्षी मी तिला सांगितलं, "आई, दिवाळीला यायला नाही जमणार." नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. आवाज जात राहिला, पण तिच्यासाठी मी अर्धवट उघड्या तोंडाचा एक फोटो झाले होते. आई हसली आणि म्हणाली, "बरं झालं. चिवडा करून ठेवते." पुढचे पंधरा दिवस ती शेजारीपाजारी सांगत राहिली की लेक येतेय. शेवटी दादाने तिला खरं काय ते सांगितलं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतर आम्ही इंटरनेटची योजना ३०० मेगाबिटवरून ९०० वर नेली. काही फरक पडला नाही. मग सगळे म्हणतात तसं मीही म्हटलं, राउटर जुना झाला, नवा घ्यायला हवा. दुकानात गेले तर एका भिंतीवर वीसेक खोकी. काहींना आठ-आठ शिंगं, काही गोंडस पांढरी, प्रत्येकावर मोठमोठे आकडे. मी हात हलवत परत आले. ज्या वस्तूचं आपल्याला काही कळत नाही तिची पूर्वपीठिका आधी वाचावी, ही माझी जुनी सवय. ती वाचता वाचता लक्षात आलं की या गोष्टीची सुरुवात आमच्याच गावात, घरापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर झालेली आहे. तुम्हीही नवा राउटर घेण्याच्या बेतात असाल तर आधी ही गोष्ट ऐका.

हवाईहून आलेली तार

हॅमिल्टनच्या हिलक्रेस्ट भागात वायकाटो विद्यापीठ आहे. तळी, झाडं, बदकं. मुलांना फिरायला नेण्याची जागा म्हणूनच आपल्यापैकी अनेकांना ते माहीत असतं. न्यूझीलंडचं इंटरनेट पहिल्यांदा जगाला जोडलं गेलं ते इथून. जॉन हूल्कर हे विद्यापीठाच्या संगणक विभागात काम करत. देशाच्या नावाचा पत्ता, म्हणजे शेवटी 'डॉट एनझेड' असलेली नावं सांभाळण्याची जबाबदारी १९८७ साली त्यांच्याकडे आली होती. पॅसिफिक महासागराभोवतीची विद्यापीठं आणि संशोधनसंस्था जोडण्याचा 'पॅककॉम' नावाचा एक प्रकल्प हवाई विद्यापीठातून चाले आणि त्याला अमेरिकेच्या 'नासा'चं पाठबळ होतं. एप्रिल १९८९ मध्ये हॅमिल्टन ते हवाई अशी जोडणी सुरू झाली. तिचा वेग होता सेकंदाला ९६०० बिट.

हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे. त्या वेगाने आजच्या फोनमधला तीन मेगाबाइटचा एक फोटो पाठवायचा म्हटला तर सुमारे बेचाळीस मिनिटं लागली असती, आणि तीही बाकी सगळ्या देशाने तेवढा वेळ हात बांधून बसायचं ठरवलं तर. कारण ती एकच तार देशभरातल्या विद्यापीठांत वाटून घ्यायची होती.

वाटून घ्यायची म्हटलं की हिशेब आला. समुद्रापलीकडची जोडणी फार महाग होती आणि न्यूझीलंडच्या विद्यापीठांना तो खर्च आपल्या खिशातून भागवायचा होता. म्हणून लवकरच ठरलं की ज्याने जेवढी माहिती आणली-पाठवली त्याने तेवढे पैसे द्यायचे. पाण्याला मीटर बसवतात तसा माहितीला मीटर. जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी तेव्हा असं मोजमाप नव्हतं. मोजायचं तर मोजायची साधनं हवीत, ती बनवणारी माणसं हवीत. वायकाटोत ही परंपरा पुढे चांगली रुजली. तारेतून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर अचूक वेळेचा शिक्का मारणारी यंत्रणा तिथल्या संशोधकांनी तयार केली आणि त्या कामातून २००१ साली 'एन्डेस' नावाची कंपनी निघाली. जाळ्यातून काय वाहतंय हे टिपणारी तिची यंत्रं पुढे जगभर विकली गेली.

म्हणजे आमच्या गावाने इंटरनेटला जे दिलं ते एका वाक्यात सांगता येतं : बोलण्याआधी मोजा. राउटरच्या दुकानात जाण्याआधी मी हेच विसरले होते.

इकडे आपल्याकडे काय चाललं होतं? भारतातल्या शिक्षणसंस्था जोडणारं 'अर्नेट' १९८६ मध्ये सुरू झालं आणि त्याचा एक महत्त्वाचा खांब मुंबईत होता, जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. डॉ. श्रीनिवासन रमणी तिथे प्रमुख होते. दिल्ली-मुंबई आणि आयआयट्यांना जोडणाऱ्या तारा होत्या ९.६ किलोबिटच्या, म्हणजे पुन्हा तेच ९६००. १९९२ साली जुहूहून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ६४ किलोबिटची जोडणी झाली. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, आणि तेही सुरुवातीला टेलिफोनच्या तारेवर ९.६ किलोबिटनेच. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना मॉडेमचा घरघराट आणि चरचराट अजून कानात असेल. लाइन लागली की घरातलं कुणीतरी हमखास फोन उचलायचं आणि सगळं मुसळ केरात जायचं.

हवेतली गर्दी

आतापर्यंत गोष्ट तारेची झाली. राउटर विकत घेताना आपण खरं तर हवेतला शेवटचा वीस-तीस फुटांचा रस्ता विकत घेत असतो. त्या रस्त्याची गोष्टही हवाईतच सुरू होते.

हवाई ही बेटं. एका बेटावरच्या विद्यापीठात संगणक आणि वापरणारे दुसऱ्या बेटावर. तारा टाकणं परवडणारं नव्हतं. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींवरून माहिती पाठवण्याची व्यवस्था उभी केली. १९७१ च्या जूनमध्ये ती सुरू झाली. नाव 'अलोहानेट', आणि वेग पुन्हा तोच, ९६००.

त्यांचा नियम अगदी साधा होता. पाठवायचं असेल तेव्हा पाठवून द्या. पोहोचल्याची पोच आली नाही तर दुसऱ्या कुणाचं बोलणं आडवं आलं असं समजा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा पाठवा. किती थांबायचं हे प्रत्येकाने आपलं आपण, कसंही ठरवायचं, म्हणजे दोघे पुन्हा एकाच वेळी बोलणार नाहीत. या पद्धतीत गर्दी वाढली की गोंधळ वाढतो. गणिताने दिसतं की फार फार तर अठरा टक्के वेळ कामी येतो, बाकी सगळा एकमेकांच्या बोलण्यावर बोलण्यात आणि गप्प बसण्यात जातो. लग्नघरी स्वयंपाकघरात बारा बायका एकाच वेळी आचाऱ्याला सूचना देत असतात, ते आठवा.

याच कल्पनेवरून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात 'इथरनेट' सुचवलं, ते तारेवरचं. त्यात आधी कान देऊन ऐकायचं आणि कुणी बोलत नसेल तरच बोलायचं. आजचं वाय-फायही असंच आधी ऐकतं आणि मग बोलतं. यातून आपल्यासाठी निघणारी गोष्ट अशी : वाय-फाय ही कधीच तुमची एकट्याची नळी नसते. तो सामाईक पाणवठा आहे. तुमचा फोन, मुलीचा लॅपटॉप, दारावरचा कॅमेरा आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा टीव्ही, सगळे आपापली पाळी येण्याची वाट पाहत असतात.

हा पाणवठा सर्वांना खुला झाला तो १९८५ साली. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने काही लहरींचे पट्टे परवान्याशिवाय संपर्कासाठी वापरायची मुभा दिली. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कुणालाच नको होता, कारण मायक्रोवेव्ह भट्ट्या त्यात काम करतात. थोडक्यात, आपल्याला उकिरड्याची जागा फुकट मिळाली आणि आपण तिथे बाजार वसवला. म्हणूनच आजही कुणी समोसे गरम करायला ठेवले की जुन्या पट्ट्यावरचा कॉल तुटक होऊ शकतो.

त्या बाजाराला शिस्त लावण्याचं काम अनेकांनी केलं. नेदरलँड्समध्ये 'एनसीआर' कंपनीत काम करणारे विक हेज हे मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. पहिलं मानक १९९७ मध्ये आलं, वेग २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ वर गेला आणि त्याच वर्षी 'वाय-फाय' हे नावही जन्माला आलं. ते एका ब्रँडविषयक सल्लागार संस्थेने पैसे घेऊन सुचवलेलं नाव आहे, त्याचा तसा काही अर्थ नाही.

आमच्या शेजारच्या देशाचाही यात मोठा हात आहे. खोलीत लहरी सोडल्या की त्या भिंतींवर, कपाटांवर, आरशांवर आपटून परत येतात आणि एकच संदेश थोड्या थोड्या अंतराने अनेकदा पोहोचतो. रिकाम्या सभामंडपात बोलल्यावर शब्दांचा काला होतो तसं. ऑस्ट्रेलियाच्या 'सीएसआयआरओ' या सरकारी संशोधनसंस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्राचे. छोटी कृष्णविवरं फुटताना येणारे क्षीण रेडिओ संकेत शोधण्यासाठी त्यांनी तरुणपणी गणिताच्या ज्या युक्त्या वापरल्या, त्या कृष्णविवरांच्या बाबतीत फळल्या नाहीत, घरातल्या प्रतिध्वनींच्या बाबतीत फळल्या. अमेरिकेतलं पेटंट १९९६ साली मिळालं आणि पुढे कोर्टकचेऱ्या होऊन मोठमोठ्या कंपन्यांकडून संस्थेला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम मिळाली.

आणि मग गॅरेज

आता पुन्हा हॅमिल्टनला येऊ. १९९९ पासून इथे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरच जलद इंटरनेट मिळू लागलं. वेग घर टेलिफोनच्या केंद्रापासून किती लांब आहे यावर ठरे. मग २००९ मध्ये सरकारने ठरवलं की देशाच्या ७५ टक्के लोकांपर्यंत फायबर न्यायचं आणि त्यासाठी दीडशे कोटी डॉलरच्या आसपास रक्कम घालायची. डिसेंबर २०१० मध्ये हॅमिल्टन, टॉरंगा, न्यू प्लिमथ वगैरे गावांचं काम वीजवाहिन्यांच्या 'वेल नेटवर्क्स' या स्थानिक कंपनीला मिळालं. तिने सरकारसोबत 'अल्ट्राफास्ट फायबर' उभी केली. रस्त्याकडेला नळ्या आणि खणलेले चर काही वर्षं सगळ्यांनी पाहिले. पुढे ही कंपनी विकली गेली आणि तिचं नाव 'तुआताही' झालं. माओरी भाषेत तुआताही म्हणजे पहिला.

फायबर घरात येतं तिथे भिंतीवर एक छोटी पांढरी पेटी बसते. ती प्रकाशाच्या भाषेचं विजेच्या भाषेत भाषांतर करते. या पेटीला राउटर जोडायचा. ती कुठे बसवायची हे तंत्रज्ञ आला की पाच मिनिटांत ठरतं, आणि इथल्या घरांत बऱ्याचदा ठरतं गॅरेजमध्ये. तिथे वीज असते, तार आत आणायला सोपी असते आणि बैठकीच्या भिंतीला भोक पाडायचं कुणाच्या जिवावर येत नाही. आमच्याकडेही तसंच झालं. आम्हीच म्हटलं, गॅरेजमध्ये बसवा.

आता आमच्या घराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. गॅरेज एका टोकाला. गॅरेज आणि घर यांच्यामध्ये गरम पाण्याच्या मोठ्या टाकीचं कपाट. त्याला लागून स्वयंपाकघरातला फ्रिज. मग झोपायच्या खोलीचं आरशाच्या दारांचं कपाट. त्याही पलीकडे बैठकीची खोली, जिथे बसून मी आईशी बोलते. इथल्या भिंती लाकडी चौकटीच्या आणि जिप्समच्या फळ्यांच्या असतात, त्यांतून लहरी बऱ्यापैकी जातात. पण पाणी त्या पिऊन टाकतं, धातू आणि आरसा परतवून लावतात. जुन्या घरांत थंडीसाठी लावलेला चंदेरी कागद असेल तर तोही तेच करतो. म्हणजे सेकंदाला ९०० मेगाबिट माहिती समुद्र ओलांडून आमच्या दाराशी येत होती आणि पाण्याच्या टाकीपाशी गुदमरत होती.

हे मला कळलं ते मोजल्यावर. गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले, लॅपटॉपला केबल लावली आणि वेग पाहिला : ९०५. केबल काढून तिथेच वाय-फायवर : ४८०. बैठकीत, आईशी बोलायच्या खुर्चीत : ४१, आणि मध्येच ६. हा सहा म्हणजेच आईसमोर गोठलेलं माझं तोंड.

तर मग राउटर कोणता?

मोजल्यावर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. बाकीच्या निम्म्यांसाठी मला जे उमगलं ते सांगते.

पहिलं, खोक्यावरचा मोठा आकडा. समजा त्यावर 'एएक्स ५४००' लिहिलं आहे. तो २.४ च्या पट्ट्यावरचे ५७४ आणि ५ च्या पट्ट्यावरचे ४८०४ यांची बेरीज करून वर जरा ओढून घेतलेला आकडा असतो. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. चांगल्या फोनची शेजारी बसून होणारी जोडणी साधारण १२०० ची आणि प्रत्यक्ष हाती लागणार सातशे-आठशे. दुधाच्या चरवीत पाण्याची चरवी मिळवून दोन चरव्या दूध म्हणण्यातला हा प्रकार आहे.

दुसरं, पिढी. आकड्यांची नावं २०१८ पासून सोपी झाली : वाय-फाय ५, ६, आता ७. पाचवी पिढी २०१३ च्या आसपासची. सहावीत एक महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी प्रत्येक छोट्या पुडक्यासाठी वेगळा ट्रक निघायचा, आता एकाच ट्रकमध्ये चार-पाच जणांची पुडकी बसतात. घरात वीस-पंचवीस उपकरणं असतील तर याचा खरा उपयोग होतो. ९०० मेगाबिटपर्यंतच्या योजनेला सहावी पिढी पुरते. सातवी हवी ती २ किंवा ४ गिगाबिटची योजना घेतलेल्यांना, आणि त्यांनी राउटरच्या मागची भोकंही २.५ गिगाबिटची किंवा त्याहून मोठी आहेत ना, हे पाहावं. नाहीतर हत्ती गेला आणि शेपूट अडकलं अशी गत.

तिसरं, अमेरिकेतून मागवू नका. माझी मावसबहीण न्यू जर्सीहून पाठवते म्हणाली होती. अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झचा पूर्ण पट्टा २०२० मध्ये खुला केला. मी हे लिहितेय तेव्हा न्यूझीलंडमध्ये त्याचा खालचाच ५०० मेगाहर्ट्झचा भाग खुला आहे. तिथला राउटर तिथल्या नियमांनी बांधलेला असतो, प्लगही वेगळा. आणखी एक स्थानिक खोच : इथल्या बऱ्याच सेवादारांच्या फायबरवर राउटरला 'व्हीलॅन १०' अशी खूण लावावी लागते. राउटरमध्ये ती सोय आहे का, हे आधी विचारा. सेवादाराला एक फोन केला की कळतं.

चौथं, एक मोठा की दोन छोटे? शिंगवाला एकच राउटर घेऊन तो गॅरेजमध्येच ठेवणं म्हणजे माडीवरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून तळघरातून जास्त जोरात ओरडणं. तुमचा फोनही परत तेवढ्याच जोरात ओरडू शकत नाही, हे विसरलं जातं. लांबट घरात दोन-तीन छोटी यंत्रं बरी, आणि ती एकमेकांना केबलने जोडता आली तर फारच उत्तम. हवेतूनच जोडली तर एकाच पाणवठ्यावर दोनदा रांगेत उभं राहावं लागतं.

पाचवं, आणि आईच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं : वेग आणि स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रासह बोलायला एक-दीड मेगाबिट बहुतेकदा पुरतो. १९८९ च्या तारेच्या दीडशेपट, पण आजच्या योजनेचा सहाशेवा भाग. पण तो सलग हवा. बोलण्याची ॲप्स रस्ता अरुंद झाला की आधी चित्राचा बळी देतात आणि आवाज वाचवतात. तुमच्या-माझ्यासाठी ते शहाणपणाचं आहे. ओठ वाचणाऱ्या माणसासाठी ते नेमकं उलटं आहे.

रस्ता अचानक अरुंद का होतो? एक कारण भिंती. दुसरं कारण रांग. घरातला कुणाचा तरी फोन हजार फोटो वर चढवायला लागतो, राउटर ते सगळे आपल्या गोदामात भरून ठेवतो आणि तुमच्या बोलण्याचं छोटं पुडकं त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. टोलनाक्यावर ट्रकांच्या मागे ॲम्ब्युलन्स अडकावी तसं. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्याच घरात हा दोष पकडला आणि त्याला जगाच्या नजरेस आणलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर उपाय मांडला : रांग फार वेळ तुंबू द्यायचीच नाही. ही शिस्त आज बऱ्याच राउटरमध्ये असते, 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' अशा नावांखाली. मात्र पुष्कळदा ती बंद असते, चालू आपल्याला करावी लागते.

एक गोष्ट कुठलाच राउटर कमी करू शकत नाही. कराड इथून बारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन यायला सेकंदाचा आठवा भाग तरी लागणार, आणि तारा सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. मी हसल्यावर आई क्षणभराने हसते, ते अंतर समुद्राचं आहे. त्याची सवय करून घ्यायची.

सहावं, सुरक्षितता. राउटर जुना झाला म्हणजे वेग कमी झाला असं नसतं. कंपनीने त्याच्या दुरुस्त्या पाठवणं बंद केलं की तो खरा म्हातारा होतो. आमच्या राउटरला तीन वर्षांत एकही दुरुस्ती आलेली नव्हती. तो बदलण्याचं खरं कारण हे होतं. नवा घेताना दुरुस्त्या किती वर्षं मिळणार आणि 'डब्ल्यूपीए ३' आहे का, हे दोन प्रश्न विचारा. आणि खोक्यावर छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

सातवं, वीज. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन वीज गेली तरी चालायचा. फायबरची पेटी आणि राउटर दोन्ही घरच्या विजेवर चालतात. घरात वयस्कर माणसं असतील आणि मोबाइलची रेंज कमी असेल तर छोटी बॅटरी शेजारी ठेवा.

कराडचं कपाट

आम्ही काय केलं? खरेदीआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून गॅरेजपासून बैठकीबाहेरच्या बोळापर्यंत छतातून एक केबल ओढून घेतली. जुनाच राउटर बोळातल्या फळीवर आणून ठेवला आणि मोजलं. खुर्चीत ४१ चे २६० झाले, एक डॉलरचाही राउटर न घेता. मग सहाव्या पिढीची, मध्यम किमतीची दोन छोटी यंत्रं घेतली, केबलने जोडली, रांगेची शिस्त चालू केली. आता खुर्चीत पाचशेच्या वर येतात आणि मुख्य म्हणजे मध्येच सहा येत नाहीत.

पुढच्या रविवारी आईला फोन लावला. चित्र दोन मिनिटं छान चाललं आणि पुन्हा गोठलं. या वेळी मात्र गोठलेली आई होती.

मी वर्षभर माझ्याच टोकाला दोष देत होते. रस्त्याला दोन टोकं असतात हे मोजमापाच्या गावात राहूनही मला सुचलं नव्हतं. भाच्याला विचारलं, "अरे, आजीच्या घरात राउटर कुठे आहे?" तो म्हणाला, "आत्या, मधल्या खोलीत. लोखंडी कपाटाच्या मागे. तिथेच प्लग आहे." बाबांच्या वेळचं ते कपाट, सगळ्या साड्या, कागदपत्रं आणि चांदीची भांडी पोटात घेऊन भिंतीला टेकून उभं. गेली चार वर्षं आईचा प्रत्येक शब्द त्या पत्र्याच्या मागून वाट काढत माझ्यापर्यंत येत होता.

भाच्याने दहा मीटरची केबल आणली, राउटर खिडकीशेजारच्या फडताळात वर ठेवला. दीडशे-दोनशे रुपयांचं काम. तेव्हा तुम्ही इकडे पैसे खर्च करण्याआधी तिकडच्या घरात कुणाला तरी फोन करा आणि विचारा, राउटर कुठे आहे. टीव्हीच्या मागे, फ्रिजवर, देव्हाऱ्याच्या खाली, धान्याच्या पत्र्याच्या डब्यांच्या पलीकडे, अशी उत्तरं मिळतील. निम्मी दुरुस्ती त्यातच आहे.

मागच्या रविवारी मी आईला सांगितलं, या दिवाळीला येतेय, तिकिटं काढली. मुद्दाम सावकाश, ओठ नीट हलवत. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग समुद्राचं ते क्षणभराचं अंतर गेलं आणि ती म्हणाली, "परत म्हण."

मी परत म्हटलं. चित्र हलत होतं.

"चिवडा या वेळी तू आल्यावरच करू," आई म्हणाली.